तक्ता तोंडपाठ

"हे बरं, की हे बरं? आता? आणि आता?" एवढ्या भांडवलावर मी अठ्ठावीस वर्षं पगार घेतला. सवय इतकी हाडीमाशी खिळली की घरी भाजीत मीठ कमी आहे असं कुणी म्हटलं, तर मी चिमूटभर घालून विचारायची, "आता बरं, की मघाशी बरं?" आमचे हे वैतागून म्हणायचे, "सुनीता, जेवू दे मला. नंबर काढू नकोस."

गेल्या वर्षी मी निवृत्त झाले. इथल्या मराठी मंडळाच्या अंकाचे संपादक मागे लागले, तुमच्या कामाबद्दल लिहा. पण डोळ्यांची निगा कशी राखावी वगैरे नको म्हणाले, ते व्हॉट्सॲपवर रोज येतं. बरं झालं बाई. निगेबद्दल सांगण्यासारखं माझ्याकडे फार काही नाहीच. माणसं डोळे तपासून घेताना किती सफाईनं खोटं बोलतात, त्यावर मात्र मी ग्रंथ लिहीन.

मी मूळची मिरजेची. हे एअर फोर्समध्ये, वॉरंट ऑफिसर म्हणून निवृत्त झाले. बदल्या होत होत चंदीगडला आलो आणि इथेच राहिलो. मी ऑप्टोमेट्रिस्ट, म्हणजे डॉक्टर नव्हे. डॉक्टर ऑपरेशन करतात. पेशंटला खुर्चीत बसवून तक्ता वाचायला लावणं, नंबर काढणं, कुठलं भिंग बसवायचं त्याची मापं घेणं आणि समजूत घालणं, हे माझं काम. यातलं शेवटचं सगळ्यात अवघड. आमचे डॉक्टर लुधियानाचे. हात सोन्यासारखा, पण तोंडातून शब्द काढायचा तर त्यांना भूल द्यावी लागेल. बोलायचं सगळं माझ्या गळ्यात.

शेवटची काही वर्षं हे बोलणं मुख्यतः ट्रायफोकल भिंगाबद्दल असायचं. सोप्या भाषेत सांगते. मोतीबिंदू म्हणजे आपलं जन्माचं भिंग गढूळ होणं. ते काढून टाकतात आणि त्या जागी नवं बसवतात. साधं भिंग बसवलं की लांबचं छान दिसतं, पण वाचायला चष्मा लागतोच. ट्रायफोकल भिंग तीन अंतरांचं असतं: लांबचा रस्ता, हातभर अंतरावरचा कॉम्प्युटर आणि हातातलं पुस्तक. मात्र येणारा उजेड तिन्हींत वाटला जातो, आणि तीन भावांत वाटणी झाली की प्रत्येकाच्या पदरात थोडं कमीच पडतं. म्हणून अंधारात दिव्यांभोवती कडी दिसतात. मेंदूला त्यांची सवय व्हायला काही महिने जातात. शिवाय एका डोळ्यात हे भिंग आणि दुसऱ्यात जुना मोतीबिंदू अशा अवस्थेत प्रत्येक पेशंट कुरकुरतो. दोन्ही डोळ्यांत बसलं की मग खरी मजा. "दुसरा डोळा होऊ द्या, मग बोला," हे वाक्य मी इतक्या वेळा म्हटलंय की माझ्या नावाच्या पाटीवर लिहायला हरकत नव्हती.

एकदा एक सरदारजी आले. ट्रकांचा धंदा, आवाजही ट्रकाचा. म्हणाले, "मॅडम जी, दूर का समझ गया, पढ़ने का समझ गया. ये बीच वाला किस काम का?" मी विचारलं, "पगडी कहाँ बाँधते हो?" "शीशे के सामने, और कहाँ!" "चश्मा लगाकर?" सरदारजींचा हात पगडीकडे गेला. चष्मा घालून पगडी कशी बांधणार? आणि चष्मा काढला की आरशातली घडी धूसर. गेली दहा वर्षं घडी सरळ आहे की नाही ते त्यांची बायको सांगत होती, आणि तिच्या मते ती कधीच सरळ नव्हती. "बस जी," ते म्हणाले, "बीच वाला पक्का."

सेक्टर ३९च्या संस्थेतले एक शास्त्रज्ञ तर ऑपरेशननंतर महिन्याभराने स्वतः काढलेला आलेख घेऊनच आले. घरी टेप लावून दर दहा सेंटिमीटरवर अक्षरं वाचून बघितली होती. "मॅडम, पन्नास सेंटिमीटरला खड्डा आहे." खड्डा असतो हो, तीन अंतरांच्या मधे थोडं थोडं अंधुक असतंच, पण तो शोधायला टेप घेऊन कोण बसतं? मी म्हटलं, "सर, मग दहा सेंटिमीटर मागे सरका." त्यांनी ते वहीत लिहून घेतलं.

ही माणसं मला आवडायची. जे दिसतं ते सांगतात, जे दिसत नाही त्याबद्दल भांडतात. माझा घात केला तो तक्रार न करणाऱ्या माणसानं.

विंग कमांडर देवपुजारी. निवृत्त फायटर पायलट, वय एकोणसत्तर, मूळ नागपूरचे. ताठ कणा, पांढऱ्या मिशा, बुटांत तोंड बघून घ्यावं अशी पॉलिश. सोबत मंदाताई, त्यांची बायको, बुटकी, गोल, जिभेला हाड नसलेली. चाळीस वर्षं नागपूरबाहेर काढली तरी भाषा तसूभर हलली नाही. साहेबांचे दोन्ही डोळे आमच्या डॉक्टरांनी केले, आठवड्याच्या अंतरानं, दोन्हींत ट्रायफोकल. दुसऱ्या दिवशी तपासलं, आठवड्यानं तपासलं, महिन्यानं, सहा महिन्यांनी, वर्षानं. दर वेळी साहेब खुर्चीत सावधान बसायचे आणि तक्त्याची अगदी खालची, सगळ्यात बारीक ओळ खणखणीत आवाजात म्हणून दाखवायचे. सिक्स बाय सिक्स, म्हणजे नजर अगदी उत्तम. काही त्रास? "निल." दिव्यांभोवती कडी? "निल." मी खुशीत फाईलवर आकडा लिहायची. एवढंच नाही, कुणी पेशंट कां-कूं करत असला की मी साहेबांना त्याच्या शेजारी नेऊन बसवायची. साहेब मिशीवर हात फिरवत म्हणायचे, "फर्स्ट क्लास! डोळे मिटून करून घ्या."

आता आमच्या धंद्यातली एक गोम सांगते. तक्ता हल्ली टीव्हीसारख्या पडद्यावर असतो आणि रिमोटचं एक बटण दाबलं की अक्षरं बदलतात. ते दर पेशंटला दाबायचं असतं. पण रोज चाळीस माणसं तपासणारी बाई ते दाबत नाही. का? तर नेहमीची ओळ आपल्याला पाठ असते, वळून बघावं लागत नाही, पेशंट म्हणतो आणि आपण पाठमोऱ्या लिहीत राहतो. हा आळस. बाकीच्यांच्या बाबतीत माझा निदान अधूनमधून तरी हात बटणाकडे जायचा, साहेबांच्या बाबतीत कधीच नाही. माझे यजमान वॉरंट ऑफिसर. विंग कमांडर समोर आला की मी अजूनही पदर सारखा करते. त्यांनी सांगितलेलं आपण पडताळून बघायचं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ऑपरेशनला वर्ष उलटून थोडेच दिवस झाले होते. मे महिन्यात मंदाताई साहेबांना दंडाला धरून घेऊन आल्या.

"सुनीताबाई, यांना नीट बघा तुम्ही. हे अंदाजानं गाडी चालवून राहिले. काल सेक्टर ३२च्या चौकात लाल दिवा होता न, तर मला विचारतात, मंदे, कोणता आहे गं? मी यांच्या गाडीत बसणं बंद केलं आहे आता."

"मी चेष्टा करत होतो," साहेब म्हणाले.

"चौकात? अन् मागचा तो बसवाला हॉर्न देत होता, तो पण चेष्टाच करत होता काय?"

मी साहेबांना खुर्चीत बसवलं. दोन्ही डोळे, खालची ओळ. खणखणीत, एकही चूक नाही. मी विजयानं मंदाताईंकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "बाप्पा! समोरच्या भिंतीवरचं कॅलेंडर दिसत नाही या माणसाला, अन् तुमचा तक्ता दिसते?"

मग मी रिमोट उचलला. पडद्यावर फक्त सगळ्यात खालची ओळ ठेवली आणि बटण दाबलं. अक्षरं बदलली. "सर, परत एकदा."

साहेबांनी घसा साफ केला आणि तीच जुनी ओळ पहिल्यापासून शेवटपर्यंत म्हणून दाखवली. पडद्यावर त्यातलं एकही अक्षर नव्हतं.

मग मंदाताईंना जे हसू फुटलं ते थांबेचना. पदर तोंडात कोंबला तरी खांदे हलत होते. साहेबांचे कान लाल झाले. मीही हसले, खोटं कशाला बोलू, पण हात फाईलवर गेला आणि हसू विरलं. माझ्याच अक्षरात ओळीनं पाच वेळा सिक्स बाय सिक्स. आंधळं दळतं नि कुत्रं पीठ खातं म्हणतात, तसं झालं होतं. ते बघत नव्हते आणि मीही बघत नव्हते. एक जण म्हणत होता, दुसरी लिहीत होती.

साहेबांनी कबूल केलं, पण तेही अभिमानानंच. एअर फोर्समध्ये दर वर्षी मेडिकल व्हायचं, तेव्हा बाहेरच्या बाकावर बसून आतल्याचं ऐकायचं आणि ओळ पाठ करायची, ही त्यांच्या तुकडीची पद्धत. डोळे उत्तम असले तरी करायची. आमच्याकडेही ऑपरेशनच्या आधी बाकावर अर्धा तास बसले होते, तेवढ्यात ओळ पाठ झाली. "सवय हो मॅडम. कुठेही तक्ता दिसला की होऊन जातं."

डॉक्टरांनी तपासलं. भिंग डोळ्यातल्या ज्या पातळ पिशवीत बसवतात, तिच्या मागच्या बाजूला दोन्ही डोळ्यांत हलका पडदा आला होता. असा पडदा पुष्कळांना येतो. लेझरनं त्याला मधे खिडकी पाडली की पाच मिनिटांत काम होतं, दुखत नाही. मी सुटकेचा निःश्वास टाकला, तर डॉक्टर चक्क बोलले. पडदा फार हलका आहे, म्हणाले. त्यानंच दिसत नसेल असं छातीठोक सांगता येत नाही. कदाचित या माणसाला हे भिंगच पहिल्यापासून मानवलं नसेल. काही जणांना नाही मानवत. तसं असेल तर भिंग काढून साधं बसवावं लागेल. आणि एकदा लेझरनं ती पिशवी फोडली की मग भिंग बदलणं फार जोखमीचं होतं. म्हणून आधी एकच गोष्ट कळायला हवी: सुरुवातीला चांगलं दिसत होतं आणि मग बिघडलं, की चांगलं कधी दिसलंच नाही?

हे फाईलवरून कळायला हवं. त्यासाठीच तर फाईल असते. आणि फाईल मी पोपटपंचीनं भरून ठेवलेली. लाज वाटली मला, अगदी मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी म्हटलं, त्यांच्या मिसेसना विचारते. डॉक्टर म्हणाले, "मॅडम, आँख उनकी है. उन्हीं से पूछो." आणि जाता जाता, "सच पूछना."

जन्मभर डोळ्याच्या डॉक्टरला खोटं सांगत आलेल्या माणसाला खरं विचारायचं. धन्य!

मी दोघांना आमच्या चहाच्या खोलीत नेलं. तिथे तक्ता नव्हता, खुर्ची नव्हती, माझा पांढरा कोटही मी काढून ठेवला. साहेबांच्या हातात चहाचा कप दिला आणि म्हटलं, "सर, एकच प्रश्न आहे. पहिल्यापासून आजपर्यंत काय काय दिसलं, ते सांगा."

साहेब हुशार. त्यांनी कप खाली ठेवला. "कुठलं उत्तर दिलं की पास?"

"ते मी सांगणार नाही."

"म्हणजे उत्तरं दोन आहेत."

"आहेत. एकाचा उपाय सोपा, दुसऱ्याचा अवघड. कुठल्याचा कुठला, ते सांगितलं तर तुम्ही सोप्याचं पाठ करून म्हणाल. आणि ते खोटं निघालं तर नंतर आमच्याही हातात काही राहणार नाही."

साहेबांनी मंदाताईंकडे बघितलं. त्या एव्हाना हसायच्या थांबल्या होत्या. "सांगा न," त्या म्हणाल्या. "मी काय तुमच्या मेडिकल बोर्डाची मेंबर आहे काय?"

"मंदे, तुला माहीत आहे काय होईल ते."

मग ते मला समजलं. त्यांचा मुलगा बंगलोरला. तो गेले दोन महिने फोनवर सांगत होता, "पापा, गाडी बेच दो, कॅब लो. नहीं तो आँखों की रिपोर्ट भेजो, फिर देखते हैं." लहानपणापासून कळतं सगळं मराठीत, बोलतो हिंदीत. रिपोर्ट सिक्स बाय सिक्स आला तर गाडी राहणार, नाहीतर जाणार. आणि गाडी गेली की बुधवारचं मंडळातलं भजन गेलं, अंबाल्याची मंदाताईंची बहीण गेली, पिंजोरची सहल गेली. "दुसऱ्या मजल्यावर बसून एकमेकांची तोंडं बघत बसायचं," साहेब म्हणाले. "आमच्या तुकडीत एक होता. माझाच मित्र. त्यानं एकदा डॉक्टरला खरं सांगितलं, एका डोळ्याला जरा अंधुक वाटतं म्हणून. दुसऱ्या दिवसापासून तो ऑफिसात कागद चाळत होता. विमानात परत बसला नाही. खरं सांगितलं की माणूस जमिनीवर येतो, मॅडम."

"सर," मी म्हटलं, "तुम्ही पंधरा वर्षं झाली, जमिनीवरच आहात." जीभ चावली मी लगेच. विंग कमांडरशी असं बोलायचं? पण ते रागावले नाहीत. कप परत हातात घेतला. आणि मग हळूहळू बोलायला लागले, मघासारखं खणखणीत नाही, आठवत आठवत.

"पहिले सात-आठ महिने खरंच दिसत होतं. ते मी खोटं नव्हतो सांगत. गच्चीवरून समोरच्या डोंगरावरचे कसौलीचे दिवे दिसायचे. प्रत्येकाला कडं होतं, ते तुम्हाला सांगितलं नाही, पण होतं. पुढे त्याचं काही वाटेना. औषधाच्या पाकिटावरची तारीख वाचायचो, चष्म्याशिवाय. हिला वाचून दाखवायचो मुद्दाम."

"डोकं उठवलं होतं माझं," मंदाताई म्हणाल्या. "हॉटेलातलं मेनू कार्ड पूर्ण वाचत. अगदी खालचा पत्ता अन् फोन नंबरसुद्धा."

"मग डिसेंबर आला. धुकं पडलं. चंदीगडचं धुकं तुम्हाला माहीत आहे, समोरची गाडी दिसत नाही. मी म्हटलं, धुकं आहे. जानेवारीत म्हटलं, यंदा जास्त आहे. फेब्रुवारी गेला, तरी जाईना. मी कुणाला काही बोललो नाही. मार्चमध्ये बागेत फुलांचं प्रदर्शन होतं, तिथे सगळे म्हणत होते काय सुंदर ऊन पडलंय, काय रंग दिसतात. मी पण म्हटलं, हो, काय सुंदर." साहेबांनी कप खाली ठेवला. "एप्रिलमध्ये तर कुणी धुकं म्हणणार नाही न? तेव्हा मला कळलं की ते बाहेर नाही, माझ्या डोळ्यांत आहे."

मंदाताईंनी त्यांच्या बाहीवर हात ठेवला होता.

"नोकरीत असताना," ते मंदाताईंकडे न बघता म्हणाले, "धुकं असलं की मी उड्डाण रद्द करायचो. वरून कितीही शिव्या खाव्या लागल्या तरी. एकटा असलो तरी. आणि इथे पाच महिने हिला शेजारी बसवून धुक्यात गाडी चालवत होतो. मला माहीत होतं, मंदे. एप्रिलपासून तर पक्कं माहीत होतं."

माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मी लपवलं नाही. मंदाताई एवढंच म्हणाल्या, "चहा घ्या. थंड झाला." त्यांच्या तोंडून इतकं लहान वाक्य मी तेवढं एकदाच ऐकलं.

आधी चांगलं दिसत होतं, मग बिघडलं. डॉक्टरांना हवं ते उत्तर मिळालं. आधी एका डोळ्याला, मग आठवड्यानं दुसऱ्याला लेझर झालं. पंधरा दिवसांनी साहेब तपासायला आले. मी बटण दाबलं, एकदा नाही, तीनदा. साहेबांनी ओळ सावकाश वाचली. एकेका अक्षरावर थांबत, मान पुढे काढत, अगदी पहिलीतल्या पोरासारखी. शेवटून दुसऱ्या अक्षरावर अडले. मला वाटलं, ठोकून देतील काहीतरी. हात गुडघ्यावर घट्ट धरून ते म्हणाले, "हे नाही दिसत."

मी लिहिलं. सिक्स बाय सिक्सच्या पुढे, एक अक्षर कमी.

"आणि काही त्रास, सर?"

आणि मग बांधच फुटला! सकाळी डोळे कोरडे पडतात, लिहा. अंधारात दिव्यांना अजून कडी दिसतात, लिहा. मोबाईल जरा लांब धरावा लागतो. तुमच्या बाहेरच्या बाकाला टेकायला पाठ नाही. एसीचा झोत थेट डोळ्यांवर येतो. चहात साखर जास्त असते. एवढ्या वर्षांच्या साठवून ठेवलेल्या तक्रारी, एकापाठोपाठ एक. बाहेर पेशंटची रांग लागली. मंदाताई कपाळावर हात मारून म्हणाल्या, "सुनीताबाई, हे काय करून ठेवलं तुम्ही? आता घरी पण असेच बोलून राहिले तर?"

"गाडीचं काय लिहू, सर?" मी विचारलं. "रिपोर्ट मुलाला जाणार आहे ना?"

साहेबांनी मंदाताईंकडे बघितलं. "लिहा," ते म्हणाले. "दिवसा चालवतो. अंधार पडल्यावर चालवत नाही. धुक्याचे दोन महिने अजिबात चालवत नाही."

मी लिहिलं आणि फाईल सहीसाठी त्यांच्यापुढे केली. त्यांनी ती हातात घेतली, चष्मा नाही, काही नाही, पहिल्या ओळीपासून शेवटपर्यंत वाचून काढली. मग बोट शेवटच्या ओळीवर ठेवलं.

"मॅडम, इथे एक शब्द राहिला. कुणी बंदी घातलेली नाही. 'चालवत नाही'च्या आधी लिहा," विंग कमांडर म्हणाले, "'स्वतःहून'."